अर्धा इंच

"आज नको रे," ती म्हणाली. "आज नाहीये."

संध्याकाळचे सात वाजले होते. ती कामावरून आली की आधी चहा व्हायचा, मग ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर दिव्याकडे पाठ करून बसायची आणि तो मागे उभा राहून तिची पाठ खाजवायचा. अकरा वर्षांचा शिरस्ता. असला शिरस्ता मोडायचा तर काही तरी मोठं घडायला हवं, आजारपण, मरण, निदान एखादं कडाक्याचं भांडण, अशी त्याची समजूत होती. इथे नुसतं 'नाहीये'. उचललेला हात तसाच हवेत राहिला आणि मग तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. काय नाहीये, हे विचारायचीही सोय नव्हती, कारण या घरात 'आहे का?' असं विचारलं की ते एकाच गोष्टीबद्दल, खाजेबद्दल असायचं. ती कप विसळायला वाकली तेव्हा तिच्या सैल सदऱ्याचा मागचा गळा घसरला आणि डाव्या खांद्याच्या पात्याखाली त्याला चार निळे ठिपके दिसले. वर दोन, खाली दोन. तो कपडे शिवायच्या कारखान्यात कटर होता. सव्वीस वर्षं कापडावर खडूच्या खुणा करत आलेला माणूस. खूण बघून खूण करणाराचा हात ओळखायचा, हीच त्याची विद्या. हा हात सराईत होता. घाईचा नव्हता. ठिपका इतका गोल यायचा तर कातडी दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी ताणून धरावी लागते. ती दोन बोटं त्याला लख्ख दिसली.

"हे काय पाठीवर?"

"ते होय. यंत्रवाल्यानं आजच केल्यात खुणा, नेमकी जागा सापडली म्हणून." ती कप पुसत होती. "सांगणारच होते तुला. आजची चौथी खेप. पाठीला पट्ट्या चिकटवून बारीक करंट देतो तो. मुंग्या येतात नुसत्या. आणि बघ ना, दुपारपासून नाहीये."

"चौथी?"

"आधीच सतरा उपाय झालेत. हाही फुकट गेला असता तर तुला काय तोंड दाखवायचं, म्हणून नाही बोलले."

तो 'बरं झालं' म्हणाला. माणूस 'बरं झालं' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला बरं वाटलेलं नसतं. चार खेपा. म्हणजे दोन आठवडे ती दिव्याखाली बसत होती, तो नेहमीसारखा हात चालवत होता, आणि त्या ठिपक्यांची पूर्वतयारी त्याच्या नखांखालीच चालली होती. मग आपल्याला काहीच कळलं कसं नाही? चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. पण ज्याचं चोरीला गेलंय त्याच्या मनात तर भर दुपारचं ऊन पडतं, कानाकोपरा दिसायला लागतो.

तशी ती खाज सुरू झाली तेव्हा ती बस चालवत होती. शहरातली मोठी, लांबलचक बस. तेव्हा तो तिला गमतीनं ड्रायव्हरीणबाई म्हणायचा आणि ती त्याला मास्तर म्हणायची. गमतीखाली त्याचा जळफळाट होता, तो त्यानं कधी बाहेर पडू दिला नाही. पहाटे ती गणवेश चढवून निघून जायची आणि संध्याकाळी परत यायची ती डोळ्यांत काही तरी घेऊन. दिवसभर बघितलेले रस्ते, चढउतार, पुलाखालचं पाणी, डेपोतल्या सोबत्यांचे विनोद. ते सगळं तिला सांगायचं असायचं. तो मान खाली घालून जेवायचा. तिला वाटायचं, दमलाय. तो त्या रस्त्यांना पाण्यात पाहत होता. मग एका उन्हाळ्यात तिच्या पाठीवर, बरोबर जिथे स्वतःचा हात वरूनही पोचत नाही आणि खालूनही पोचत नाही, तिथे खाज आली ती गेलीच नाही. मलमं झाली, साबण बदलले, गाद्या बदलल्या. शेवटी एका डॉक्टरानं गोळ्या दिल्या, त्यांनी खाज थोडी कमी झाली आणि झोप भरपूर आली. एका वळणावर तिचा डोळा लागला आणि बस फुटपाथला घासली. कुणाला लागलं नाही. पण तिला गाडीवरून उतरवलं आणि पासच्या खिडकीत बसवलं. ती तीन दिवस रडली. तो तिच्या मागे बसून तिची पाठ खाजवत होता. त्या तीन दिवसांत त्याला जे वाटलं त्याला सुख म्हणायची त्याची हिंमत नव्हती, पण दुसरा शब्द त्याच्यापाशी नव्हता.

कारण ती घरी आली होती. आता तिच्या डोळ्यांत रस्ते नसायचे. "वर. अजून वर. डावीकडे. हां, तिथेच," एवढंच त्यांचं बोलणं असायचं, आणि दोघांना पुरायचं. त्यानं उजव्या हाताची चार नखं वाढवली, आठवड्यातून एकदा कानशीनं घासून त्यांना बेताचा गोलावा दिला. टोकदार नख ओरखडतं, बोथट नख नुसतं गुदगुल्या करतं, हे कुणी शिकवलेलं नव्हतं. कारखान्यातला इस्त्रीवाला त्याच्या नखांवरून टिंगल करायचा. "मास्तर, पुढच्या वेळी बांगड्यांचंही माप देऊन ठेवा." तो हसायचा. बिचाऱ्याला काय ठाऊक? तिच्या पाठीवरची ती तळहाताएवढी जागा जगात फक्त एकाच माणसाला माहीत होती. तिला स्वतःलाही नव्हती. आरशात ती कधी नीट दिसायची नाही. ती जागा त्याची होती. तिथली कातडी काळवंडलेली होती, जरा जाडसर, आणि बोट फिरवलं की डोळे मिटूनही ओळखू यायची.

पुढच्या खेपेला तो तिच्यासोबत गेला. गेला म्हणजे, जाणं भाग पडलं. यंत्रवाल्यानंच निरोप दिला होता की आता यंत्र घरी न्यायचं आहे, तेव्हा पट्ट्या लावायला घरचं माणूस शिकवून ठेवायला हवं. रात्रभर त्यानं मनात त्या माणसाचे खांदे रंगवले होते, आवाज रंगवला होता. प्रत्यक्षात तो सर्दी झालेला, पोट सुटलेला, पन्नाशीचा गृहस्थ निघाला. सारखा नाक पुसत होता. त्याला बघून हायसं वाटायला हवं होतं. पण त्यानं तिच्याकडे धड बघितलंही नाही, कागद चाळला आणि म्हणाला, "हां, डावं पातं. या. माफ करा हं, चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, पाठी राहतात." ती हसली. यात हसण्यासारखं काय होतं? चेहरा लक्षात ठेवणारा परवडला, असं त्याला वाटलं. चेहरा तर सगळ्यांनीच बघितलेला असतो.

"दोष कातडीत नाहीच," यंत्रवाला त्याला समजावत होता. "मणक्यापाशी नस दबलीये. ती उगाच ओरडते आणि कातडीला खाजतं. आपण काय करतो, त्याच नसेवर मुंग्या सोडतो. मेंदूकडे जायची वाट मुंग्यांनी भरली की खाजेला शिरायला जागा उरत नाही. म्हणून पट्टी नेमकी जागेवर हवी. खुणा अंघोळीनं पुसट होतात, दर तिसऱ्या दिवशी या पेनानं परत करायच्या. आणि एक." त्यानं तिच्या काळवंडलेल्या जागेवर बोट ठेवलं. "हे खाजवणं बंद. पूर्ण बंद. हा डाग रोगाचा नाही, नखांचा आहे. जितकं खाजवाल तितकी ती चेकाळते. कोण खाजवतं एवढं?"

"हेच की," ती कौतुकानं म्हणाली. "अकरा वर्षं. एक दिवस खाडा नाही."

त्यानं उजवा हात खिशात घातला. मग यंत्रवाल्यानं काडेपेटीहून जरा मोठं असं ते यंत्र चालू केलं, बटण हळूहळू फिरवलं, आणि तिचे डोळे मिटले. खांदे उतरले. ओठांच्या कोपऱ्यात एक हसू आलं आणि तिथेच थांबलं. तो बघत राहिला. त्याच्या हाताखाली तिनं डोळे कितीदा तरी मिटले होते, पण ते घट्ट, दात आवळून. आणि तोंडात कायम 'अजून, अजून' असायचं. हे 'अजून' नसलेलं तोंड त्यानं कधी पाहिलं नव्हतं. अकरा वर्षांत त्याला जे जमलं नाही ते एका डबीनं दोन मिनिटांत केलं, आणि वर ती डबी दमतही नव्हती. माणसाचा मत्सर करता येतो, त्याला चार शिव्या घालता येतात. डबीला काय म्हणणार?

आठवड्याभरात ती बदलली. चालताना हात झुलायला लागले. खुर्चीत टेकून बसायला लागली. इतकी वर्षं ती टेकायची नाही, घासायची. आणि एका सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "मी अर्ज दिलाय. परत गाडीवर घ्या म्हणून. गोळ्या बंद आहेत, म्हणजे झोपेचा प्रश्न नाही. एकवीस दिवसांनी त्यांचा डॉक्टर तपासणार. चालवताना यंत्र लावायचं नाही, पण मधल्या सुट्टीत अर्धा तास लावलं की पुढचे चार तास निघतात. मास्तर, मी परत चालवणार!" त्यानं तिचं बोट धरून दाबलं. तेवढंच त्याला सुचलं. कारखान्यात जाताना एक बस त्याच्या अगदी जवळून गेली आणि तो नको तितका दचकला.

त्याच दिवशी कारखान्यात एका जाड्या गिऱ्हाइकाचा कोट परत आला होता. कंबरेत दोन इंच कमी करायचा होता, आणि नव्या शिंप्यानं ते एकाच शिवणीत दाबल्यामुळे पाठीवर मोठी चुणी पडली होती. "अरे, असं एका जागी नाही खायचं," तो त्याला म्हणाला. "चार शिवणी आहेत ना? प्रत्येकीत अर्धा अर्धा इंच घे. अर्धा इंच कुणाच्या बापाला कळत नाही." हे वाक्य त्यानं आयुष्यात शंभरदा तरी उच्चारलं असेल. संध्याकाळी ती स्टुलावर बसली, त्यानं निळं पेन उघडलं, खुणा पुसट झाल्या होत्या, आणि पेन टेकलं ते अर्धा इंच खाली. ठरवून नव्हे, हे त्याला पुढे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. हात घसरला. पण घसरलेला हात त्याला दिसला, आणि दिसूनही त्यानं तो वर घेतला नाही. उरलेल्या तीन खुणाही त्यानं अर्धा अर्धा इंच खाली घेतल्या, काटकोनात, चौकोन जराही बिघडू न देता. चुकायचं तरी नीटनेटकं.

तिसऱ्या दिवशी आणखी अर्धा. सहाव्या दिवशी आणखी. मुंग्या थोड्या थोड्या सरकत होत्या, म्हणून तिला त्या सरकल्यासारख्या वाटल्याच नाहीत. नवव्या दिवशी पट्ट्या काढताना तिचा खांदा एकदा उगाच हलला. तो हलणारा खांदा बघून त्याचं काळीज लक्कन हललं, आणि ते भीतीनं हललं की आनंदानं हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. अकराव्या दिवशी ती पासच्या खिडकीतून घरी आली ती दाराच्या चौकटीला पाठ घासतच. "परत आहे," ती म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "मास्तर, परत आहे." तो म्हणाला, "यंत्रवाला नको म्हणतो ना खाजवायला." "मरू दे त्याला. दोन मिनिटं. फक्त दोन." आणि ती स्टुलावर बसली, दिव्याकडे पाठ करून, आणि तो मागे उभा राहिला. वर. अजून वर. डावीकडे. हां. त्याच्या बोटांना घर सापडलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिला दिसायचा प्रश्न नव्हता.

पुढचे काही दिवस त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे आणि सगळ्यात घाणेरडे दिवस होते. इस्त्रीवाला म्हणालासुद्धा, "मास्तर, चेहऱ्यावर तेज आलंय, आणि डोळ्यांखाली काळं. एकदा ठरवा काय ते." ती यंत्राचं बटण आणखी आणखी फिरवायची, मुंग्या भलतीकडेच पळायच्या, आणि ती कॅलेंडरकडे बघायची. तपासणीला सहा दिवस. पाच. "नस सरावली वाटतं," ती म्हणायची. "माझंच नशीब." तिनं यंत्राला दोष दिला, नशिबाला दिला, स्वतःच्या मणक्याला दिला. घरातल्या एकाच गोष्टीला दिला नाही, आणि ती गोष्ट तिच्या पाठीमागे उभी होती. आज खुणा वर नेऊ, असं तो रोज सकाळी ठरवायचा. एका दमात तीन इंच वर नेल्या तर तिला कळेल. अर्ध्या अर्ध्या इंचानं न्यायला आता दिवस उरले नव्हते. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यावा तर तो असा, मोजूनमापून. अठराव्या दिवशी त्यानं पेन उघडलं आणि हात सातव्यांदा आपोआप खाली गेला.

दुसऱ्या दिवशी ती पासच्या खिडकीतून दुपारीच निघाली आणि एकटीच यंत्रवाल्याकडे गेली. हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी घरी आली, चहा केला, त्याचा कप त्याच्यापुढे ठेवला, आणि मोबाइलवर एक फोटो उघडून तोही पुढे ठेवला.

तिची पाठ होती. वरच्या बाजूला चार ताजे, गोल, निळे ठिपके. आणि त्यांच्याखाली, उतरत गेलेल्या, फिकट होत आलेल्या, पण पुरत्या पुसल्या न गेलेल्या त्याच्या खुणा. जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. पायरी पायरीतलं अंतर अगदी सारखं.

"यंत्रवाला म्हणाला, घरच्यांच्या खुणा घसरतातच, मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "फार चांगला माणूस आहे. म्हणाला, तुमचे मिस्टर काही डॉक्टर नाहीत."

त्यानं कप बाजूला सरकवला.

"मी फोटो मोठा करून बघितला. माझी पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली, मास्तर. दुसऱ्या कुणाचा हात घसरला असता तर इकडेतिकडे घसरला असता. एकदा वर, एकदा खाली." तिनं फोटोवर बोट ठेवलं, मग खालच्या पायरीवर, मग त्याखालच्या. "अर्धा इंच. अर्धा इंच. अर्धा इंच. तुझा हात कधी चुकत नाही."

तिनं आवाज चढवला असता तर त्याला काही तरी उत्तर सुचलं असतं. खोटं का होईना. तिच्या बोटाकडे बघत तो म्हणाला, "तुला माझी गरज उरली नसती."

"म्हणून मला खाजत ठेवलंस?"

यापुढे त्या दोघांनी बोलण्यासारखंच काही नव्हतं, असं त्याला वाटलं. पण ती उठली, पिशवीतून एक जुनी सुती बंडी काढली आणि टेबलावर पसरली. बंडीच्या पाठीला आतून चार कापडी कप्पे लावले होते, पट्ट्या आत बसाव्यात एवढे. बंडी अंगात चढवली की पट्ट्या आपोआप जागेवर. कुणी मागे उभं राहायला नको. टाके लांबलचक, वेडेवाकडे, एका कप्प्याचा कोपरा आत्ताच सुटत आलेला. लग्नानंतर तिनं सुई हातात धरलेली त्याला आठवत नव्हती.

"डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत बसून शिवली," ती म्हणाली. "डेपोत मधल्या सुट्टीत तू थोडाच येणार होतास पट्ट्या लावायला? हे मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. वाटलं, तूच सुचवशील. कटर आहेस." तिनं बंडी त्याच्याकडे सरकवली. "कप्पे सैल झालेत, पट्ट्या हलतात. परवा तपासणी आहे. नीट करून दे."

त्यानं सवयीनं गळ्यातली टेप हातात घेतली आणि तिच्या पाठीमागे जायला निघाला.

"मोजायचं नाही," ती म्हणाली. "माझी मापं तुला तोंडपाठ आहेत ना?"

"आहेत."

"मग बस तिथेच."

तो बसला. टाके उसवायला त्याला कधी एवढा वेळ लागला नव्हता. एकेक टाका म्हणजे तिनं त्याला न सांगता घालवलेलं एकेक मिनिट होतं. मग खडू हातात घेतला. कण्यापासून किती, पात्यापासून किती, हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. खडू कापडावर टेकायच्या आधी क्षणभर थांबला. याही वेळी अर्धा इंच कुणाला कळला नसता. शिवण तिला दिसणार होती, पण पाठीवरची ती जागा कापडावर कुठे येते, हे अजूनही फक्त त्यालाच माहीत होतं. ती खिडकीशी उभी राहून बाहेर बघत होती आणि त्याच्याकडे पाठ होती. विश्वास म्हणून नव्हे. दुसरा इलाज नव्हता म्हणून. ते कळलं तेव्हा त्यानं खूण केली, जिथे करायची तिथे, आणि चारही कप्पे हातशिलाईनं, बारीक टाक्यांनी बसवले. असं काम त्यानं गिऱ्हाइकासाठी कधी केलं नव्हतं. तिनं आत जाऊन बंडी चढवली, बटण फिरवलं, आणि दारात येऊन उभी राहिली. डोळे मिटलेले. खांदे उतरलेले. ते 'अजून' नसलेलं तोंड.

"बरोबर?" त्यानं विचारलं.

"बरोबर," ती म्हणाली, आणि ज्यानं शिवलं त्याला 'मास्तर' म्हटलं नाही.

तपासणीत ती पास झाली. पहिल्या दिवशी पहाटे गणवेश घालून गेली. तो कारखान्यात गेला, तेरा कोट कापले, एकही बिघडला नाही. संध्याकाळी सात वाजता ती आली. चहा झाला. मग बहुधा पायांच्या सवयीनं ती त्याच स्टुलावर, दिव्याकडे पाठ करून बसली, आणि तो सवयीनं मागे उभा राहिला. दोघांनाही आपण काय केलं ते कळलं, पण उठलं कुणीच नाही.

"आहे का?" त्यानं विचारलं.

"नाहीये."

भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. अकरा वर्षांत या जागी उभं राहून त्यानं दुसरं काही विचारलं नव्हतं. त्याआधीही नव्हतं विचारलं.

"आज गाडी कुठली होती?"

मान न वळवता ती म्हणाली, "आधी हात मागे घे."

हात वर गेला होता हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं तो मागे घेतला. मग ती सांगायला लागली: लांबची गाडी, पुलावरचं धुकं, चढावर दुसरा गिअर टाकला तेव्हा अख्खी बस कशी हातात आल्यासारखी वाटली ते. तो तिच्या पाठीकडे बघत ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता त्याला त्या रस्त्याचा हेवा वाटत राहिला.